न्हावा शेवात सापडलेले जुने प्रोसेसर आणि बोटीतला जीपीएस: इलेक्ट्रॉनिक सुटे भाग खात्रीचे कुठून घ्यायचे?

ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. रायगड जिल्ह्यातल्या न्हावा शेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, चार कंटेनर पकडले. कागदोपत्री आत ॲल्युमिनियमचं भंगार होतं आणि पुढच्या बाजूला खरोखर भंगारच रचलेलं होतं. ते हटवल्यावर मागे निघाले १७,७६० जुने लॅपटॉप, ११,३४० छोटे सीपीयू, ७,१४० प्रोसेसर आणि इतर इलेक्ट्रॉनिक सुटे भाग. एकूण किंमत सुमारे २३ कोटी रुपये. या कारवाईचं नाव होतं ‘ऑपरेशन डिजिस्क्रॅप’. माल मागवणाऱ्या सुरतच्या कंपनीच्या संचालकाला अटक झाली.

बातमी आली, शेअर झाली आणि मागे पडली. पण तिच्यातून एक प्रश्न उरतो. हा माल पकडला गेला नसता, तर पुढे कुठे गेला असता? कारण ७,१४० जुने प्रोसेसर कोणी शोकेसमध्ये ठेवायला मागवत नाही. कोणीतरी ते विकणार असतो आणि कोणीतरी ते घेणार असतो. घेणारा अलिबागचा टीव्ही दुरुस्त करणारा असू शकतो, कॉलेजचा प्रोजेक्ट करणारी विद्यार्थिनी असू शकते किंवा बोटीतला जीपीएस बंद पडल्यामुळे अडकलेला तांडेलही असू शकतो.

इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणारा विश्वासू पुरवठादार ओळखायचा कसा, हे या निमित्ताने समजून घेऊ.

जुना माल लपवून का आणतात?

जुने लॅपटॉप आणि वापरलेले इलेक्ट्रॉनिक भाग मनाला येईल तसे भारतात आणता येत नाहीत. परकीय व्यापार धोरणात त्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. घातक कचऱ्याबाबतचे २०१६ चे नियम आणि ई-कचऱ्याबाबतचे २०२२ चे नियम त्यांना लागू होतात. शिवाय लॅपटॉप, ॲडॉप्टर, बॅटरी अशा अनेक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची आहे.

परदेशात लॅपटॉप कचरा म्हणून निघतो. त्याची विल्हेवाट लावायला तिथे पैसे मोजावे लागतात. तोच लॅपटॉप इथे आला की त्याचे रॅम, प्रोसेसर, स्क्रीन, बॅटरी असे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला गिऱ्हाईक मिळतं. फायदा मोठा असल्यामुळे माल भंगाराच्या मागे दडवून आणला जातो.

न्हावा शेवाचा पसारा पाहिला की हे रोखणं किती अवघड आहे ते कळतं. वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने २०२४-२५ या वर्षात या बंदराने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. प्रत्येक कंटेनर उघडून पाहणं शक्यच नाही. जोखीम पाहून निवडक कंटेनर तपासले जातात. त्यामुळे ‘बंदरातून कायदेशीर सुटून आलाय म्हणजे माल चांगलाच असणार’ हा तर्क चालत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. लहान आणि महागड्या चिप बहुतेक विमानाने येतात. बॅटऱ्या, वायरी, पॉवर सप्लाय, सोलरचं सामान असा वजनदार माल समुद्रमार्गे येतो. म्हणजे बंदर रायगडात असलं, तरी रायगडच्या दुकानात भाग पोहोचायला तो आधी मुंबई, दिल्ली किंवा चीनमधल्या शेनझेनच्या तीन-चार व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरून येतो.

जुनी चिप ‘नवी’ कशी होते?

मोठ्या भट्टीवर किंवा गरम हवेने जुना सर्किट बोर्ड तापवतात. सोल्डर वितळला की चिप उचलतात. ती धुतात, पाय सरळ करतात आणि पुन्हा चकाकी देतात. वरचा छापील मजकूर घासून काढतात, त्यावर काळा थर देतात आणि नवा क्रमांक, नवी तारीख छापतात. कधी साध्या दर्जाच्या चिपवर वरच्या दर्जाचा क्रमांक टाकतात. मग ती रिळात भरली की नव्यासारखी दिसते.

अशी चिप लगेच बंद पडली तर बरंच म्हणायचं. खरी अडचण पुढे येते. तापवताना आणि धुताना तिच्यात ओल शिरलेली असते, स्थिर विजेचा झटका बसलेला असतो. दुकानात लावून पाहिली तर चालते. दोन महिन्यांनी उन्हात तापलेल्या केबिनमध्ये दगा देते.

या धंद्याचा आवाका किती आहे याचा एक गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. तिथल्या सिनेटच्या संरक्षण समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. लष्करी सामानाच्या पुरवठा साखळीत संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणं त्यांना सापडली. त्यांतल्या भागांची संख्या दहा लाखांवर होती.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने वेगळाच प्रयोग केला. खोट्या कंपनीच्या नावाने इंटरनेटवरून १६ भाग मागवले. तपासणीत एकही भाग अस्सल निघाला नाही. त्यातली गंमत म्हणजे काही क्रमांक त्यांनी मुद्दाम मनाने रचले होते, त्या क्रमांकाचा भाग जगात कुठेच बनत नव्हता. विक्रेत्यांनी तेही भाग छापून पाठवले!

या प्रयोगातून सामान्य गिऱ्हाइकालाही एक युक्ती मिळते. नव्या विक्रेत्याला कधीतरी अस्तित्वात नसलेला क्रमांक विचारून पाहा. ‘आहे ना, किती पाहिजेत?’ असं उत्तर आलं की समजून जा.

मग जुना माल वाईटच का?

नाही. इथे गफलत करू नये. वापरलेला भाग वापरलेला म्हणून सांगून, तपासून, कमी किमतीत विकणं यात गैर काही नाही. आपल्याकडची निम्मी दुरुस्ती त्यावरच चालते आणि त्यामुळे कचराही कमी होतो. दहा वर्षं जुन्या टीव्हीचा बोर्ड कंपनी देत नाही, तेव्हा दुसऱ्या टीव्हीतून काढलेला बोर्डच कामी येतो.

कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती देत नाहीत, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. अधिकृत भाग सहज मिळाला, तर माणूस चोरबाजाराकडे वळतोच कशाला?

त्यामुळे आक्षेप जुनेपणावर नाही, खोटं बोलण्यावर आहे. जुना भाग नवा म्हणून विकला की गिऱ्हाइकाला जोखमीचा अंदाजच घेता येत नाही.

किनाऱ्यावर हा प्रश्न जास्त गंभीर का?

शहरात टीव्ही बंद पडला तर मालिका चुकते. रेवदंडा, मुरूड किंवा श्रीवर्धनहून निघालेल्या बोटीत जीपीएस किंवा वायरलेस बंद पडला, तर गोष्ट जिवावर बेतू शकते.

आज मध्यम आकाराच्या मच्छीमार बोटीवरही बरंच इलेक्ट्रॉनिक सामान असतं. जीपीएस, मासे शोधणारा फिश फाइंडर, व्हीएचएफ वायरलेस, बॅटरी चार्जर, २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, एलईडी दिवे. त्यात आता ट्रान्सपाँडरची भर पडली आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी या योजनेचा प्रारंभ केला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोचं तंत्रज्ञान असलेले ट्रान्सपाँडर बसवायचे, अशी ही योजना आहे. मोबाइलची रेंज संपली तरी उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतो, वादळाचा इशारा मिळतो आणि संकटात मदत मागता येते.

पण ट्रान्सपाँडर कितीही चांगला असला, तरी त्याला वीज देणारी बॅटरी, वायर आणि कन्व्हर्टर बोटीचेच असतात. त्यातला एखादा स्वस्तातला कपॅसिटर फुगला तर वरचं सगळं आंधळं होतं.

त्यात खारा वारा. मिठाचा थर ओल धरून ठेवतो. साध्या तांब्याची वायर आतून काळी-हिरवी पडते, कनेक्टर गंजतात, बोर्डावरच्या रेषा खाल्ल्या जातात. म्हणून बोटीसाठी कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, रबरी सील असलेले कनेक्टर आणि संरक्षक लेप दिलेले बोर्ड घ्यावे लागतात. घरात पाच वर्षं चालणारा अस्सल भागही समुद्रात लवकर जातो. तिथे बनावट भागाचा काय पाड लागणार?

तिसरी अडचण वेळेची. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवतात, इंजिनाची आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुरुस्ती याच काळात निघते. नेमकं पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद असतात. मग रस्त्याने किंवा रो-रोने मुंबई गाठून ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला जायचं, नाहीतर ऑनलाइन मागवायचं. जुलैअखेर प्रत्येकालाच घाई असते, त्यामुळे ‘जो मिळतोय तो लावून टाक’ हे वाक्य कानावर पडतं. फसवणारा विक्रेता याच घाईची वाट पाहत असतो.

टंचाई आली की बनावट माल वाढतो, तो कसा?

घाई फक्त कोळीवाड्यातच होते असं नाही. मोठमोठ्या वाहन कंपन्यांनाही ती होते.

२०२० नंतर जगभर चिपची टंचाई झाली. कोरोनामुळे मागणीचं गणित बिघडलं होतंच. त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या चिप कारखान्याला आग लागली, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या हिमवादळाने कारखाने बंद पडले आणि मार्चमध्ये जपानच्याच नाका इथल्या रेनेसासच्या कारखान्यात आग लागली. अधिकृत वितरकांकडे काही भागांसाठी वर्षभर थांबावं लागत होतं. मग कंपन्या खुल्या बाजारातल्या दलालांकडे वळल्या आणि बनावट माल घुसायला वाट मिळाली.

ताजं उदाहरण नेक्सपेरियाचं आहे. ही कंपनी डायोड, ट्रान्झिस्टर असे अगदी साधे, पण गाड्यांमध्ये ढिगाने लागणारे भाग बनवते. कंपनी नेदरलँड्समधली, मालकी चिनी. ३० सप्टेंबर २०२५ ला डच सरकारने तिच्या कारभारात हस्तक्षेप केला. ४ ऑक्टोबरला चीनने तिथल्या कारखान्यातून होणारी निर्यात रोखली. वाहन उद्योगाची धावपळ उडाली.

पुढे तर नेदरलँड्समधल्या मुख्य कंपनीनेच ग्राहकांना सांगितलं की, १३ ऑक्टोबरनंतर चीनमधल्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या मालाच्या दर्जाची आणि अस्सलपणाची हमी आम्ही देऊ शकत नाही. म्हणजे भागावर नाव तेच, कारखानाही तोच, पण कंपनीच म्हणते की खात्री नाही!

यातून कळतं ते एवढंच की, भागावर छापलेलं नाव ही हमी नसते. तो भाग कुठून निघाला, कोणाकोणाच्या हातांतून गेला आणि प्रत्येक हाताने त्याची नोंद ठेवली का, यावर हमी अवलंबून असते.

विश्वासू पुरवठादार म्हणजे नेमका कोण?

पुरवठादारांचे ढोबळ तीन प्रकार पडतात.

पहिला, अधिकृत वितरक. भाग बनवणाऱ्या कंपनीशी त्याचा थेट करार असतो आणि माल कारखान्यातून सरळ त्याच्या गोदामात येतो. डिजीकी, माउसर, एलिमेंट१४, आरएस ही जगभरातली परिचित नावं. यांच्याकडून भारतातही माल मागवता येतो. तोटा असा की दोन-चार भागांसाठी कुरिअर आणि सीमाशुल्क धरून खर्च वाढतो. एखादा वितरक एका कंपनीचा अधिकृत आणि दुसरीचा नाही, असंही असतं. त्यामुळे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन वितरकांची यादी पाहावी. ट्रस्टेडपार्ट्स नावाच्या वेबसाइटवर फक्त अधिकृत वितरकांकडचा साठा दिसतो आणि ती फुकट वापरता येते.

दुसरा, स्वतंत्र व्यापारी. लॅमिंग्टन रोडवरची बरीच दुकानं आणि भारतातल्या अनेक ऑनलाइन विक्रेत्यांचा यात समावेश होतो. यांचा कंपनीशी करार नसतो, पण म्हणून ते फसवे ठरत नाहीत. त्यांच्यातले चांगले लोक कोणता माल कोणाकडून घेतला याची नोंद ठेवतात, खराब निघाला तर बदलून देतात आणि ‘हा ओरिजिनल, हा चायना’ असं तोंडावर सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गाळ्यात बसलेल्या दुकानदाराला उद्याही तिथेच बसायचं असतं, हीसुद्धा एक प्रकारची हमीच आहे.

तिसरा, ज्याचा ठावठिकाणा नाही असा विक्रेता. ई-कॉमर्स साइटवर नाव दिसतं, पण पत्ता अर्धवट असतो. सोशल मीडियावर जाहिरात दिसते, व्हॉट्सॲपवर बोलणं होतं, पैसे वैयक्तिक खात्यावर मागतात. इथून घेतलेला भाग चांगलाही निघू शकतो. वाईट निघाला तर मात्र विचारायला माणूस सापडत नाही.

यातून खरेदीचं सोपं सूत्र निघतं. ज्या भागावर जीव किंवा महागडं उपकरण अवलंबून आहे, तो अधिकृत वितरकाकडून किंवा उपकरणाच्या अधिकृत सेवा केंद्रातून घ्या. नेहमीच्या दुरुस्तीचे भाग ओळखीच्या, पक्कं बिल देणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्या. शिकण्यासाठी, प्रयोगासाठी लागणारे स्वस्त भाग कुठूनही घेतले तरी फार बिघडत नाही. प्रत्येक रेझिस्टर अमेरिकेहून मागवायची गरज नाही. सरकारी योजनेतला ट्रान्सपाँडर बंद पडला, तर तो बाहेर उघडूच नका. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात कळवा.

विकत घेण्याआधी काय तपासाल?

आधी कागद तपासा. बिलावर जीएसटी क्रमांक असतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी कोणाची आहे आणि ती चालू आहे का, हे मिनिटभरात कळतं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात बनली ही माहिती ग्राहकाला मिळायला हवी. ती नसेल तर पुढे जाऊ नका. बिलावर भागाचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. ‘आयसी १ नग’ असं बिल पुढे तक्रार करताना कामाला येत नाही.

बीआयएसचा क्रमांक कुठे पाहायचा? ॲडॉप्टर, पॉवर बँक, लिथियम सेल अशा वस्तूंवर बीआयएसच्या चिन्हासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकून पाहा. नाव वेगळ्याच कंपनीचं किंवा वेगळ्याच वस्तूचं आलं, तर क्रमांक कुठून तरी उचललेला आहे. एक मात्र लक्षात घ्या. ही सक्ती तयार वस्तूंना आणि बॅटऱ्यांना आहे. सुट्या आयसीला किंवा रेझिस्टरला असं चिन्ह नसतं. त्यामुळे ‘आयसीवर आयएसआय मार्क आहे’ असं कोणी सांगत असेल तर सावध व्हा.

किमतीवरूनही बरंच कळतं. अधिकृत वितरकाच्या वेबसाइटवर त्या भागाची किंमत आणि शिल्लक साठा दिसतो. बंद झालेला भाग किंवा जगभर टंचाई असलेला भाग कोणी निम्म्या किमतीत, पाहिजे तेवढा देत असेल, तर ‘का?’ हे विचारलंच पाहिजे.

मग भाग हातात घेऊन पाहा. चिपवर बहुतेक वेळा चार आकडी तारीख-संकेत असतो. २३४८ म्हणजे २०२३ सालातला ४८ वा आठवडा. जो भाग कंपनीने २०१५ मध्येच बंद केला, त्यावर २०२३ ची तारीख असूच शकत नाही. एकाच रिळातल्या चिपवर वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळ्या जाडीची छपाई, पायांवर सोल्डरचे डाग किंवा ओरखडे दिसले तर माल काढलेला असण्याची शक्यता मोठी. कापसावर थोडं ॲसिटोन घेऊन चिपचा वरचा भाग पुसा. काळा रंग कापसाला लागला तर वर नंतर दिलेला थर आहे. ॲसिटोन लगेच पेट घेतं, तेव्हा उघड्या हवेत आणि आगीपासून लांब हे करा.

लिथियम सेल ओळखणं त्यामानाने सोपं आहे. टॉर्च आणि सोलर दिव्यांत वापरतात तो १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या कंपन्यांच्या अशा सेलची क्षमता साधारण २,००० ते ३,५०० एमएएच असते. त्यावर ९,९०० छापलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे. एवढ्या जागेत एवढी वीज मावत नाही. वजनही करून पाहा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट सेल बरेचदा पुष्कळ हलका निघतो.

कपॅसिटरमध्ये एक जुनी लबाडी चालते. मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर बसवून वर मोठा आकडा छापतात. क्षमता मोजणारा साधा मीटर दुकानदाराकडे असतोच, समोर मोजायला सांगा. बोटीच्या केबिनसारख्या तापणाऱ्या जागेसाठी ८५ ऐवजी १०५ अंशांचा कपॅसिटर घ्या. तापमान दहा अंशांनी कमी झालं की कपॅसिटरचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे सहनशक्ती जास्त असलेला भाग त्याच उष्णतेत जास्त टिकतो.

आणि शेवटचं, पहिल्यांदाच पन्नास नग घेऊ नका. दोन-तीन घ्या, लावा, आठवडाभर चालवून पाहा. मग बाकीचे मागवा.

वायरलेस सामान असेल तर आणखी एक गोष्ट

जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात रडारवर संशयास्पद बोट दिसल्याची खबर आली. पोलीस आणि तटरक्षक दलाने मोठी शोधमोहीम राबवली. नंतर समोर आलं की ती बोट नसून पाकिस्तानी मच्छीमार बोटीच्या जाळ्याचा, सिग्नल देणारा बोया होता, जो वाहत इकडे आला होता.

ज्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये शेखाडीला स्फोटकं उतरली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बेवारस नौका सापडली, तिथे यंत्रणा असा सिग्नल हलक्यात घेऊच शकत नाही. कुठल्याशा छोट्या ट्रान्समीटरमुळे शेकडो माणसं रात्रभर कामाला लागतात.

म्हणूनच सिग्नल सोडणारं कोणतंही उपकरण घेताना भारत सरकारच्या वायरलेस विभागाची मान्यता आहे का, हे पाहावं लागतं. जाळ्याला लावायचे असे स्वस्त बोये जगभर ऑनलाइन मिळतात. जहाजांच्या सुरक्षेसाठी राखलेल्या लहरींवर ते गर्दी करतात, म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०१८ मध्येच ते बेकायदा असल्याचं बजावलं. आपल्याकडे मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मान्यता नसलेले वॉकी-टॉकी विकल्याबद्दल १३ ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या आणि अशा विक्रीसाठी नियमावली जाहीर केली. मोठ्या साइटवर दिसतंय म्हणजे कायदेशीरच असेल, हा समज त्यामुळे सोडलेला बरा.

फसवणूक झालीच तर?

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, भागाचे जवळून फोटो घ्या आणि आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. बीआयएसचं चिन्ह खोटं असेल तर ‘बीआयएस केअर’ ॲपवरच तक्रारीची सोय आहे.

‘धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक मंचात तक्रार करता येत नाही’ असं अनेकांना सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. स्वतःच्या बोटीसाठी जीपीएस घेणारा मच्छीमार किंवा एकट्याने दुकान चालवणारा मेकॅनिक ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. मात्र त्यासाठी बिल हवं. बिनबिलाचा माल घेऊन जीएसटी वाचवला की हा हक्क बजावणं अवघड होतं.

भारतातच भाग बनू लागले तर प्रश्न सुटेल?

थोडाफार. केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ मार्च २०२५ ला इलेक्ट्रॉनिक सुटे भाग देशात बनवण्यासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सर्किट बोर्ड, लिथियम सेल, कॅमेऱ्याचे भाग अशा गोष्टी इथे बनाव्यात, हा तिचा हेतू. कारखाना देशात असला की अंतर घटतं, मधले हात कमी होतात आणि तक्रार कोणाकडे करायची हे ठाऊक असतं.

पण घोषणा आणि माल यांत अंतर असतं, हे रायगडकरांनी नुकतंच पाहिलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पनवेल तालुक्यातल्या तळोजा इथे टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूहाच्या ८३,९४७ कोटींच्या चिप प्रकल्पाला मंजुरी दिली. २०२५ मध्ये या दोन कंपन्यांमधली बोलणी थांबल्याचं वृत्त आलं. आणि उद्या तळोजात चिप बनू लागली, तरी तिथून निघालेली चिप मुरूडच्या दुकानात कोणाच्या हातांतून आली, हा प्रश्न राहणारच.

थोडक्यात काय?

लॅमिंग्टन रोडला जायला हरकत नाही, ऑनलाइन मागवायलाही हरकत नाही. ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न मात्र पुरेसा नाही, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘हा तुम्ही कोणाकडून घेतला? बिलावर पूर्ण क्रमांक लिहून द्याल का? खराब निघाला तर परत घ्याल का?’ या तीन प्रश्नांना जो न चिडता उत्तरं देतो, त्याचा नंबर जपून ठेवा.

एकट्याने अधिकृत वितरकाकडून माल मागवणं परवडत नसेल, तर मच्छीमार सोसायटीने किंवा गावातल्या दोन-तीन मेकॅनिकनी मिळून मे महिन्यातच यादी करावी आणि एकत्र मागणी नोंदवावी. कुरिअरचा खर्च वाटला जातो, बिल एकाच नावाने पक्कं मिळतं आणि भाग जूनमध्ये, म्हणजे बोटी किनाऱ्यावर असतानाच, हातात येतात. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ‘जो मिळतोय तो लावून टाक’ असं म्हणायची वेळ येणार नाही.